पॉइंट्स साठवू नका, उडवून टाका : कोविडनंतरच्या विमानप्रवासाचा हिशेब

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे, फक्त अडखळणं आणि 'म्हणजे म्हणजे' काढून टाकलं आहे.)

मी बोलतेय संगमेश्वरहून. मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, हायवे हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचं काम अजून... जाऊ दे, तो वेगळा भाग होईल.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. तो लिहितो, "ताई, क्रेडिट कार्डाचे आणि एअरलाइनचे मिळून माझे बावीस हजार पॉइंट्स झालेत. दुबईला भावाकडे जायचंय, त्यासाठी साठवतोय. अजून दोन वर्षं साठवू का?"

उत्तर आधीच देते. नको साठवूस. जिथे कुठे बऱ्या भावात वापरता येतील तिथे वापरून टाक. का, ते सांगायला मला तुम्हाला २०२० पासून आजपर्यंत फिरवून आणावं लागेल. कारण विमान कंपनीकडे पडून असलेला आपला पैसा म्हणजे नक्की काय असतो, हे महामारीत आणि त्यानंतरच्या सावरण्याच्या वर्षांत जेवढं उघडं पडलं, तेवढं आधी कधीच पडलं नव्हतं.

माझी ओळख नव्या श्रोत्यांसाठी. मी ट्रेनिंगचं काम करते. महामारीच्या आधी पुण्यात राहायचे आणि महिन्याला सहा-आठ फ्लाइट्स व्हायच्या. लॉकडाउनमध्ये गावी आले, ती इथलीच झाले. आता फ्लाइट्स कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. त्यामुळे विमानतळावरची आणि संगमेश्वरातली, दोन्हीकडची गणितं मला करावी लागतात.

सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या

२५ मार्च २०२० ला देशांतर्गत विमानं थांबली. आंतरराष्ट्रीय त्याच्या दोन-तीन दिवस आधीच थांबली होती. लाखो लोकांची तिकिटं काढलेली होती. लोक म्हणाले, पैसे परत द्या. कंपन्या म्हणाल्या, पैसे नाही, 'क्रेडिट शेल' देतो.

क्रेडिट शेल म्हणजे काय? वाण्याकडे गेलात, बिल झालं ४८ रुपये, तुम्ही ५० दिले. तो म्हणतो, सुट्टे नाहीत, दोन चॉकलेटं घ्या. चॉकलेट वाईट नसतं, पण ते फक्त तोंडात टाकता येतं. त्याने एसटीचं तिकीट येत नाही. आणि इथे तर ते चॉकलेट त्याच दुकानात, त्याच वर्षात खायचं, आणि दुकान बंद!

आमच्या शेजारचे एक काका कुवेतला कामाला होते. फेब्रुवारीत सुट्टीवर आले, एप्रिलचं परतीचं तिकीट होतं. एजंटकडून काढलेलं, रोख अठरा हजार. विमान रद्द झालं. एजंट म्हणतो कंपनीकडे विचारा, कंपनी म्हणते एजंटकडे विचारा. शेवटी कळलं की क्रेडिट शेल झालाय, पण तो वापरायचा तर त्याच एजंटमार्फत. काकांची आई रोज विचारायची, "पैसं दिलान का रं त्यानं?" आणि क्रेडिट शेल हा प्रकार त्या आजीला समजावून सांगणं कोणालाच जमलं नाही. खरं सांगायचं तर आजीचा प्रश्नच बरोबर होता. दिले की नाही दिले? दोनच उत्तरं असायला हवीत.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० ला निकाल आला. ढोबळ सांगते. लॉकडाउनमध्येच काढलेली, लॉकडाउनमधल्याच प्रवासाची तिकिटं, त्यांचे पूर्ण पैसे परत. आधी काढलेल्या आणि २४ मे २०२० पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे कंपनीने पंधरा दिवसांत परत द्यायचा प्रयत्न करायचा. कंपनी अडचणीत असेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारा क्रेडिट शेल. तो दुसऱ्याच्या नावावर करता येईल. आणि जून २०२० पर्यंत दर महिन्याला अर्धा टक्का, त्यानंतर पाऊण टक्का या दराने त्याची किंमत वाढेल. नाहीच वापरला, तर शेवटी पैसे द्यायचे.

पाऊण टक्का म्हणजे किती? अठरा हजारांवर महिन्याला १३५ रुपये. रक्कम मोठी नाही, पण त्यामागचं तत्त्व महत्त्वाचं आहे. न्यायालयाने एका अर्थी मान्य केलं की हा प्रवाशाचा पैसा आहे आणि कंपनी तो वापरतेय, तर त्याचा मोबदला द्या. म्हणजे काय झालं? आपण कंपनीला उसने दिलेत. आपल्याला वाटतं की आपण तिकीट 'विकत' घेतलं. प्रत्यक्षात विमान उडेपर्यंत आपण सावकार असतो, आणि तेही बिनव्याजी आणि बिनतारण.

काकांचे पैसे मिळाले. २०२१ च्या मे महिन्यात, दोन हप्त्यांत, निकालाची प्रिंट घेऊन एजंटकडे चार वेळा गेल्यावर. तोवर कुवेतची नोकरी राहिली नव्हती.

आकाश उघडलं, पण मोजून-मापून

२५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली. मुंबईत सुरुवातीला दिवसाला फक्त २५ उड्डाणं आणि २५ उतरणं एवढीच परवानगी होती. देशभरात नेहमीच्या वेळापत्रकाच्या एक तृतीयांशच फ्लाइट्स. मग टप्प्याटप्प्याने ४५ टक्के, ६० टक्के, ८० टक्के असं वाढलं, दुसऱ्या लाटेत परत खाली आलं, आणि १८ ऑक्टोबर २०२१ पासून शंभर टक्के.

तुमच्यातल्या ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा विमानप्रवास केला असेल, त्यांना वाटत असेल विमानात असंच असतं. मधल्या सीटवर बसणाऱ्याला पीपीई गाऊन. तोंडावर प्लास्टिकची फेस शील्ड. सामानाची एकच मोठी बॅग. वेब चेक-इन सक्तीचं, फोनवर आरोग्य सेतू. मी एकदा त्या गाऊनमध्ये मधल्या सीटवर दोन तास काढलेत. उतरले तेव्हा भर पावसात भात लावून आल्यासारखी भिजले होते, फक्त आतून.

त्या काळातली एक गोष्ट मात्र विसरू नका. भाडं. सरकारने प्रवासाच्या वेळेनुसार सात गट पाडले आणि प्रत्येक गटाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाडं ठरवून दिलं. दिल्ली-मुंबईला सुरुवातीला कमीत कमी साडेतीन हजार, जास्तीत जास्त दहा हजार. आता वरची मर्यादा समजते, प्रवाशाला लुटू नये म्हणून. पण खालची मर्यादा कशाला? ती प्रवाशासाठी नव्हती. मोठी कंपनी तोट्यात तिकिटं विकून लहान कंपनीला मारून टाकेल, ही भीती होती. म्हणजे महामारीत स्वस्त तिकीट मिळालं नाही, त्यामागे कोणाचा तरी जीव वाचवायचा हिशेब होता, आणि तो जीव कंपन्यांचा होता. ही व्यवस्था ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत चालली.

लोक परत किती आले, ते आकड्यांत बघा. देशांतर्गत प्रवासी २०१९ मध्ये साधारण १४.४ कोटी. २०२० मध्ये ६.३ कोटी. २०२१ मध्ये ८.४, २०२२ मध्ये १२.३ आणि २०२३ मध्ये १५.२ कोटी. चार वर्षांत आकडा होता तिथून पुढे गेला. हेच लक्षात ठेवा, कारण पुढे मी सांगणार आहे की प्रवासी परत आले तरी सगळ्या कंपन्या परत आल्या नाहीत.

आखाताचं दार

आपल्या तालुक्यात विमान म्हटलं की गोव्याची ट्रिप नंतर, आधी आखात. कसबा, फुणगूस, कडवई, या बाजूची कितीतरी घरं तिकडच्या पगारावर उभी आहेत. वाडीत कोणाला पीएनआर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

या लोकांसाठी 'सावरणं' फार उशिरा आलं. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. दोन वर्षं! मधल्या काळात वंदे भारत मोहिमेची विमानं होती आणि 'एअर बबल' म्हणजे दोन देशांनी आपापसात ठरवून चालवलेल्या मोजक्या फ्लाइट्स. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. ते उघडलं ५ ऑगस्टला, तेही सुरुवातीला तिथेच लस घेतलेल्या आणि तिथला वैध व्हिसा असलेल्यांसाठी. ज्यांची नोकरी थांबू शकत नव्हती, ते आर्मेनियात, मालदीवमध्ये चौदा-चौदा दिवस राहून पुढे गेले. ज्या माणसाने कधी महाबळेश्वरला हॉटेलात पैसे घातले नाहीत, तो येरेवानला दोन आठवडे खोली घेऊन राहिला. हौस म्हणून नाही, व्हिसा संपत होता म्हणून.

मग लशीचा घोळ. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची आपत्कालीन मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला. त्याच्या आधी ज्याने कोव्हॅक्सिन घेतली, त्याला अनेक देश लस घेतलेला मानायलाच तयार नव्हते. आणि लस निवडायची सोय तरी कुठे होती? आरोग्य केंद्रात जी आली ती घेतली. मग प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर चढवा, नावाचं स्पेलिंग जुळवा. आमच्याकडे एकाच माणसाचं आडनाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असणं म्हणजे रोजचंच. त्या दिवसांत मी अख्ख्या वाडीची कोविन दुरुस्ती केंद्र झाले होते.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तिकीट ही एकटी वस्तू नसते. व्हिसा, चाचणी, लस, रजा, सगळं एका तारखेला बांधलेलं असतं. विमान रद्द झालं की कंपनी तिकिटाचे पैसे देईल फार तर. बाकीचं आपल्या अंगावर.

पॉइंट्स नावाचा पैसा

आता पॉइंट्सकडे येते.

महामारीत बहुतेक कंपन्यांनी आपल्या नेहमीच्या प्रवाशांना एक 'भेट' दिली. तुमचं सोनेरी-चंदेरी जे काय कार्ड असेल, त्याची मुदत वाढवली. मलाही ईमेल आला होता, अभिनंदन, तुमचा दर्जा पुढच्या वर्षीही कायम. वाचून हसावं की रडावं कळेना. दर्जा कायम, विमान जमिनीवर, आणि मी अंगणात आमसुलं वाळवत बसलेली. पण मुदत वाढवायला कंपनीला खर्च काय आला? काहीच नाही. रोख पैसे परत देताना मात्र हात आखडतो.

त्याच वेळी अमेरिकेत एक गंमत झाली. तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांना टिकून राहायला कर्ज हवं होतं. विमानं उभी, तिकीटविक्री शून्याच्या जवळ, तारण काय ठेवणार? त्यांनी आपली पॉइंट्सची योजना तारण ठेवली! युनायटेडने २०२० मध्ये तिच्यावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज, आणि अमेरिकनने २०२१ मध्ये १० अब्ज. आपण जे 'फुकटचे पॉइंट्स' म्हणतो, त्यांच्यावर एवढं कर्ज मिळतं.

कसं काय? कारण पॉइंट्स मुळात फुकट नसतातच. तुम्ही कार्ड घासता, बँक तुम्हाला पॉइंट देते. तो पॉइंट बँकेने विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेतलेला असतो. म्हणजे कंपनीच्या हातात पैसे आज आले. तुमची सीट? ती पुढे कधीतरी, कंपनी म्हणेल तेव्हा, कंपनी म्हणेल त्या भावात. आणि भाव ठरवणारीही तीच. स्वतः नोटा छापायच्या आणि त्या नोटेला काय मिळेल तेही स्वतःच ठरवायचं, असा धंदा दुसरा कुठला आहे सांगा.

म्हणून पॉइंट्सना महागाई लागते. आज जी सीट दहा हजार पॉइंट्सना आहे, ती पुढच्या वर्षी तेरा हजारांना होते. आता तर बऱ्याच ठिकाणी ठरलेला तक्ताच नसतो, रोखीचं भाडं वाढलं की पॉइंट्सही त्या दिवशी जास्त लागतात. बँकेतल्या पैशावर व्याज तरी मिळतं. पॉइंट्स नुसते झिजतात. आंब्याची पेटी आहे ती, आढीत किती दिवस ठेवाल?

तुमचा एक पॉइंट किती पैशांचा, हे घरी काढता येतं. समजा तिकीट रोखीने सहा हजारांना आहे. तेच पॉइंट्सवर घेतलं तर बारा हजार पॉइंट्स आणि वर ९०० रुपये कर. मग ६,००० वजा ९००, म्हणजे ५,१००. भागिले १२,०००. एक पॉइंट झाला साडेबेचाळीस पैशांचा. प्रत्येक वेळी हा भागाकार करा. दर चांगला दिसला की वापरा. आणि ज्या पॉइंट्सवर घड्याळ, मिक्सर, गिफ्ट व्हाउचर दाखवतात, तिथेही हाच भागाकार करून बघा. बहुतेक वेळा डोळे उघडतील.

कंपनी बुडाली तर?

भारतातलीच दोन उदाहरणं.

जेट एअरवेज. १७ एप्रिल २०१९ ला, महामारीच्या जवळपास वर्षभर आधी, तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. तिची पॉइंट्सची योजना ही वेगळी कंपनी होती, म्हणून लोकांच्या खात्यातले माइल्स एका रात्रीत शून्य झाले नाहीत. त्या योजनेचं नाव बदलून इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानात बसायला ते साठवले होते, ते विमानच राहिलं नाही. जेट पुन्हा उडणार, उडणार, अशा बातम्या आपण महामारीभर वाचल्या. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला, म्हणजे जे काय उरलंय ते विकून टाका आणि देणी भागवा.

दुसरी गो फर्स्ट. महामारीतून वाचली, प्रवासी परत आले, आणि ३ मे २०२३ पासून विमानं बंद. कंपनीने दोष दिला इंजिनांना. इंजिनं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून निम्मी विमानं उभी आहेत असं तिचं म्हणणं. कारण काहीही असो, तिकीट हातात असलेल्या माणसाचं काय झालं? दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तो रांगेत उभा राहिला. त्या रांगेत पुढे तारण असलेल्या बँका असतात, प्रवासी बराच मागे. जानेवारी २०२५ मध्ये तिच्याही अवसायनाचा आदेश आला.

ज्यांनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते, त्यांना बँकेकडे 'चार्जबॅक' मागायचा एक रस्ता होता. म्हणजे सेवा मिळाली नाही, व्यवहार उलटवा. रोख देऊन, ओळखीच्या माणसाकडून तिकीट काढलेल्याला तोही रस्ता नाही.

बाकीची मांडणीही या वर्षांत बदलली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला टाटांकडे परत गेली. ७ ऑगस्ट २०२२ ला आकासा नावाची नवी कंपनी मुंबई-अहमदाबाद उडाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. विस्ताराच्या प्रवाशांचे पॉइंट्स एकास एक या हिशेबाने तिकडे गेले. संख्या तीच राहिली, पण किती पॉइंट्सना कुठली सीट, हे आता नवं घर ठरवणार. आणि इंडिगोने, देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने, सगळ्यांसाठीची स्वतःची पॉइंट्स योजना कधी आणली? २०२४ मध्ये. आपल्या हातात निवडायला दोनच मोठी घरं उरली, तेव्हा.

दोनच घरं असली की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबरच्या एका दिवसात हजाराहून जास्त फ्लाइट्स रद्द झाल्या. बाकी कंपन्यांची भाडी आभाळाला भिडली. सरकारला पुन्हा कमाल भाडं ठरवावं लागलं, ५०० किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, असं. महामारीत वापरलेलं हत्यार तीन वर्षांनी परत बाहेर काढलं.

आणि आपलं चिपी

आता घराजवळ येऊ.

९ ऑक्टोबर २०२१. महामारीतून सावरण्याच्या ऐन काळात चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. मुंबई-सिंधुदुर्ग, अलायन्स एअर, ७० सीटचं एटीआर विमान, सव्वा-दीड तासाचा प्रवास. चाकरमानी विमानाने गावी उतरला. गणपतीला रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर आयुष्य काढलेल्या लोकांसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

ही सेवा होती 'उडान' योजनेतली. उडान कशी चालते? लहान विमानतळाच्या मार्गावर निम्म्या सीट्स ठरलेल्या स्वस्त भाड्यात द्यायच्या, साधारण तासाभराला अडीच हजारांच्या आसपास. कंपनीला जो तोटा होईल त्यासाठी सरकार अनुदान देतं. पण तीन वर्षंच. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. चिपीची तीन वर्षं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली. त्याच वर्षी मार्चपासून फ्लाय ९१ या नव्या कंपनीने सिंधुदुर्ग-बंगळूर सुरू केलं होतं, पण चाकरमान्याला हवी असते मुंबई.

दरम्यान शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ आला. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. मोपा सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून. तिथे मोठी विमानं, जास्त कंपन्या, रोजच्या कितीतरी फ्लाइट्स. सावंतवाडीचा माणूस चिपीपेक्षा मोप्याला जातो, त्याला नावं कशी ठेवणार?

आणि आपण, संगमेश्वरवाले? नकाशा उघडा. रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाचा तळ आहे, नियमित प्रवासी सेवेची वाट बघण्यात आपली वर्षं चाललीत. साखरपा, आंबा घाट ओलांडून कोल्हापूर, साधारण तीन तास. तिथून मुंबईचं विमान मिळतं, पण त्या सेवेतही मध्ये खंड पडला होता. दक्षिणेला चिपी चार तास, मोपा त्याच्याही पुढे. उत्तरेला मुंबई, सात तास धरा, हायवेची मर्जी असेल तर. म्हणजे मुंबईचं विमान पकडायला कोल्हापूरला जाईपर्यंत कोकण रेल्वे मुंबईचा बराच रस्ता कापून गेलेली असते.

बदल झालाय तो नवी मुंबईमुळे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून विमानं. पनवेलला रेल्वेने उतरा, शहरात शिरायची गरजच नाही. आपल्याकडच्या माणसाला चिपीपेक्षाही कदाचित हाच विमानतळ जास्त उपयोगाचा ठरेल. आखाताच्या फ्लाइट्स तिथून वाढल्या, की फुणगूसच्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल.

माझा स्वतःचा नियम असा आहे, की अनुदानावरच्या मार्गाचं तिकीट काढलं तरी रेल्वेचं आरक्षण हातात ठेवायचं. पावसाळ्यात तर नक्कीच.

आता कामाचं बोलू

हे लिहून ठेवा, किंवा या भागाचा स्क्रीनशॉट काढा.

एक. कंपनीने फ्लाइट रद्द केली, तर दुसरी फ्लाइट घ्यायची की पैसे परत, ही निवड तुमची. 'क्रेडिट शेल दिलाय' असा मेसेज आला तर 'मला नको, रिफंड हवा' असं लेखी कळवा. डीजीसीएचा नियम स्पष्ट आहे, क्रेडिट शेल घ्यायचा की नाही ते प्रवासी ठरवणार, कंपनी परस्पर ठरवू शकत नाही.

दोन. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलं आणि ते 'नॉन-रिफंडेबल' असलं, तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतं. न विचारता मिळालं नाही तर विचारा. दोन-चारशे असतील, पण तुमचे आहेत.

तीन. मोठ्या रकमेचं तिकीट शक्यतो क्रेडिट कार्डाने काढा आणि बिल वेळेवर भरा. एजंटकडून काढलंत तर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा, त्याचा नव्हे. कितीतरी लोकांना फ्लाइट रद्द झाल्याचं कळतच नाही, कारण मेसेज एजंटच्या फोनवर जातो.

चार. तक्रार आधी कंपनीकडे, नंबर घ्या. दाद लागली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' ॲपवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ती मराठीतही बोलते.

पाच. पॉइंट्स. एका वर्षात वापरता येतील एवढेच ठेवा. बँकेच्या कार्डाचे पॉइंट्स एअरलाइनकडे आगाऊ पाठवू नका, कारण बँकेत असेपर्यंत ते चार ठिकाणी जाऊ शकतात, एकदा एअरलाइनकडे गेले की परत येत नाहीत. तिकीट समोर दिसतंय, सीट आहे, भागाकार पटतोय, तेव्हाच पाठवा.

आणि घरातलं कोणी आखातात असेल तर सहावी गोष्ट. परतीची तारीख आणि व्हिसा संपायची तारीख यांच्यात निदान दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. तिकीट दोन हजारांनी महाग पडलं तरी चालेल. २०२१ मध्ये ज्यांच्याकडे ते अंतर होतं, त्यांची नोकरी टिकली.

विमान कंपन्या वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. हा धंदाच पातळ नफ्याचा आहे, इंधन महाग झालं की हलतो, एक साथ आली की कोलमडतो. पण त्यांची अडचण त्या आपल्या पैशावर भागवत असतील, तर आपल्या वहीत त्यांच्या नावाने उधारी लिहिलेली असली पाहिजे. तेवढंच म्हणणं आहे.

तुमच्याकडे २०२० चा कुठला क्रेडिट शेल अजून अडकलेला आहे का? किंवा पॉइंट्स वापरून कोणी खरंच चांगलं तिकीट मिळवलंय का? व्हॉइस नोट पाठवा, मराठीत, आपापल्या बोलीत. पुढच्या भागात मुंबई-गोवा हायवेवर बोलूया, त्यात मला कुठल्याही आकड्यांची गरज लागणार नाही, नुसते खड्डे मोजले तरी भाग पूर्ण होईल. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग तुमच्या त्या मित्राला नक्की पाठवा, जो तीन वर्षं पॉइंट्स साठवत बसलाय. भेटू!